पहिली भाकरी

सोमवारी वाटलेल्या गोळ्या बुधवारी शाळेच्या मागच्या भिंतीत सापडल्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी सरपण काढायला मागे गेल्या होत्या. दगडी भिंतीच्या फटीत काहीतरी निळं दिसलं, म्हणून त्यांनी काडी घालून ओढलं, तर एकामागून एक गोळ्या खाली पडल्या. काही अगदी नव्या, काही त्याआधीच्या, पावसानं रंग उडालेल्या. मावशींनी त्या पदरात गोळा केल्या, थेट सातवीच्या वर्गावर आल्या आणि टेबलावर ओतून म्हणाल्या, “मॅडम, ह्या बघा तुमच्या गोळ्या.”

टेबलापाशी अश्विनी उभी होती. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या त्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत ती दिवाळीनंतर आंतरवासितेसाठी आली होती. मागच्याच आठवड्यात तिनं या वर्गावर आरोग्याचा पाठ घेतला होता. विषय होता रक्तक्षय आणि संतुलित आहार.

त्या पाठासाठी तिनं जीव ओतला होता. रक्तपेशींची प्रतिकृती, दूध-अंडी-फळं-पालेभाज्या यांचा रंगीत तक्ता, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा ठळक अक्षरांत: 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत दर सोमवारी मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं, हेही तिनं फळ्यावर लिहिलं होतं. अध्यापक विद्यालयातून आलेल्या निरीक्षक बाईंनी शेरा दिला होता, ‘आशय अचूक, साहित्य आकर्षक, विद्यार्थी प्रतिसाद उत्तम.’

प्रतिसाद खरोखरच उत्तम होता. मूल्यमापनाचे प्रश्न विचारले, तेव्हा सर्वांत आधी हात वर केला होता दुर्गानं. “लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी होतं. हिमोग्लोबिन अंगभर प्राणवायू पोचवतं. ते कमी असलं की दम लागतो, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही,” असं तिनं एका दमात सांगितलं होतं. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या.

आता अश्विनीनं टेबलावरच्या गोळ्यांकडे बोट दाखवून विचारलं, “कुणी टाकल्या या?” वर्ग चिडीचूप. तिनं पुन्हा विचारलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दुर्गाचीही.

त्या रात्री अश्विनीनं दुसऱ्या पाठाचं टाचण लिहायला घेतलं. या वेळी तीव्र रक्तक्षयाचे परिणाम, बाळंतपणातले धोके, दवाखान्यातली चित्रं. मुलांना एकदा कळलं पाहिजे की ही खेळण्याची गोष्ट नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

सकाळी परिपाठाआधी तिनं ते टाचण वर्गशिक्षकांना दाखवलं. सारा गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणायचा. निवृत्तीला आलेले, बोलायला कमी. त्यांनी टाचण शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “या पाठानं काय होईल?”

“मुलं घाबरतील आणि गोळ्या घेतील, सर.”

“घाबरतील एवढं खरं. गोळ्या मात्र आणखी लांब नेऊन टाकतील.” त्यांनी टाचण मिटून तिच्या हातात दिलं. “आज शिकवू नका. आज विचारा. पण गोळी का टाकली, असं विचारू नका. त्या प्रश्नात आरोप आहे, आणि आरोप झाला की मुलं गप्प बसतात. त्यांना लिहायला सांगा, ‘माझी सकाळ’. उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केलं, काय काय खाल्लं-प्यालं. शुद्धलेखन तपासणार नाही, गुण देणार नाही, असंही सांगा.”

अश्विनीला ते फारसं पटलं नव्हतं. पण तिनं तसं केलं.

संध्याकाळी घरी परतताना एस.टी.त बसून ती त्या सव्वीस वह्या वाचू लागली. पहिल्या दोन-तीन वह्या तिनं भराभर उलटल्या. मग तिचा वेग कमी झाला. सव्वीसपैकी वीस मुलांनी शाळेत येण्यापूर्वी फक्त चहा घेतला होता, तोही बहुतेकांनी कोरा. चौघांनी चहाबरोबर रात्रीची शिळी भाकरी खाल्ली होती. पोटभर खाऊन येणारी दोनच मुलं होती. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मुलग्यांची सकाळ दोन-चार ओळींत संपत होती. मुलींना एक पान पुरत नव्हतं.

दुर्गानं लिहिलं होतं, ‘मी पाचला उठते. हापशावरून दोन खेपा पाणी आणते. आजीला चहा देते. झाडलोट करते. चूल पेटवून भाकरी करते. आजीला वाढते, भावाला वाढते. भावाला आंघोळ घालते, त्याचं दप्तर भरते. मी चहा पिते. तोवर शाळेची घंटा होते. आई-बाबा कारखान्याला आहेत. ते पाडव्याच्या सुमाराला येतील.’

कारखान्याला म्हणजे ऊसतोडीला. त्या भागातली कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. धाकटं लेकरू बरोबर जातं, शिकणारी लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, नाहीतर गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथं. दुर्गाच्या घरात आजीला धड दिसत नव्हतं आणि भाऊ दुसरीत होता. तेव्हा सहा महिने घरची कर्ती बाई दुर्गाच होती. वय बारा.

अश्विनीनं हिशोब मांडला. रात्रीचं जेवण आठला. शाळेत गोळी मिळते परिपाठानंतर, साडेदहाच्या सुमाराला, कारण तेव्हा हजेरी झालेली असते आणि नोंदवही भरायला सोपं जातं. खिचडी दुपारी दीडला. म्हणजे बहुतेकांच्या पोटात गोळी जाते तेव्हा चौदा तासांत चहाखेरीज काही गेलेलं नसतं. रिकाम्या पोटी लोहाच्या गोळीनं मळमळतं, पोटात दुखतं, हे तिनं स्वतःच्या पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात आणि अंगात शोषू देत नाहीत, हेही तिला पाठ होतं. हे सगळं ज्ञान तिच्याजवळ होतं. पण कोणत्या वेळी कोणाच्या पोटात काय असतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं आपला रंगीत तक्ता आठवून पाहिला. सकाळच्या न्याहारीला दूध, अंडं, फळ. त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. फक्त या सव्वीस मुलांपैकी बहुतेकांना त्यातलं काहीही करता येण्याजोगं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दुर्गाबरोबर तिच्या घरी गेली. आजी उंबऱ्याशी बसून हाताच्या अंदाजानं करडईची कोवळी भाजी निवडत होती. अश्विनी शेजारी बसली आणि तिनंही एक जुडी हातात घेतली. थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग आजीच म्हणाली, “बाई, रागवायचं असंल तर मला रागवा. गोळी टाकायला मीच सांगितलं पोरीला.”

“रागवायला नाही आले, आजी. का सांगितलंत, ते ऐकायला आले.”

“सोमवार आला की पोर शाळंत वकायची. वर परसाकडला काळं व्हायला लागलं. म्या म्हनलं, आतलं रगत जळतंय लेकराचं. आई-बाप इथं नाहीत. काय झालं तर त्यांना काय तोंड दावू?”

लोहाची गोळी घेतली की शौचाला काळं होतं आणि त्यात भिण्यासारखं काही नसतं, हे साधं वाक्य या घरात कोणी सांगितलेलं नव्हतं. अश्विनीनं ते तेव्हा सांगितलं. आजीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“मग तू वर्गात उत्तर तर सगळं बरोबर दिलंस,” अश्विनी दुर्गाला म्हणाली.

दुर्गा खाली बघत म्हणाली, “उत्तर खरंच होतं, मॅडम. पण गोळी घेतली की गणिताच्या तासाला ओकारी येते. नाही घेतली म्हणून सांगितलं तर सगळ्यांसमोर उभं करतात. म्हणून घेतली म्हणते.”

निघताना अश्विनीनं विचारलं, “दुर्गा, भाकरी तर तू करतेस. मग तू का नाही खात सकाळी?”

या प्रश्नाचं दुर्गाला आश्चर्य वाटलं. “आई पण नाही खात,” ती म्हणाली. “करणारीनं शेवटी खायचं असतं. शेवटी वेळ उरत नाही.”

सोमवारी सकाळी अश्विनीनं हे सारं गुरुजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हा डोंगर उतरला की जामखेड. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी खेड्याखेड्यांतल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायका गावानं निवडलेल्या. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण शेजारणीच्या चुलीवर काय शिजतं, ती पाणी कुठून आणते, तिची सासू काय म्हणते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांचं सांगणं घरात शिरलं. पुढं 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुम्ही पदविका घेताय, ती घ्याच. पण त्या बायकांना जे येत होतं, तेही शिका.”

मग दोघांनी बसून कागदावर तीन रकाने आखले. पहिला रकाना, मुलांना स्वतः करता येईल ते. दुसरा, शाळेनं करायचं ते. तिसरा, ज्यासाठी घरच्यांकडे, दवाखान्याकडे किंवा सरकारकडे जावं लागेल ते. ‘माझी सकाळ’च्या वह्यांतली एकेक अडचण त्यांनी कुठल्या ना कुठल्या रकान्यात लिहिली. अश्विनीच्या लक्षात आलं, की तिच्या पहिल्या पाठात सगळं ओझं पहिल्या रकान्यात होतं आणि बाकीचे दोन रकानेच नव्हते.

दुसरा रकाना सर्वांत सोपा निघाला. मुख्याध्यापकांशी बोलून गोळीची वेळ बदलली. परिपाठानंतरऐवजी खिचडी खाल्ल्यानंतर. नोंदवही भरायला शिक्षकाला तेव्हा थोडी धावपळ होते खरी, पण गोळी जेवणानंतर देणं हेच योग्य. गोळी घेतली नाही म्हणून कुणाला उभं करायचं नाही, उलट त्रास झाला तर आधी येऊन सांगायचं, असं वर्गात ठरलं. खिचडीसोबत लिंबाची फोड द्यायची कल्पना मावशींनी मांडली. गावात ज्यांच्या बांधावर लिंबं होती, त्यांनी ती आनंदानं दिली. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी जास्त लागतं. मावशी मटकी आणि हुलगे भिजवून, मोड आणून शिजवू लागल्या, कारण मोड आले की त्यांतलंही लोह अंगाला अधिक मिळतं.

तिसऱ्या रकान्यासाठी आरोग्यसेविकेला बोलावलं. तिनं सगळ्या मुलांचे हात-डोळे तपासले आणि शंका आली त्यांचं रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासायची सोय केली. दुर्गाचं हिमोग्लोबिन 9.4 निघालं. बारा वर्षांच्या मुलीला ते निदान 12 असायला हवं. आठवड्याची एक गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. तो झालेला असला, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. वर्गात भरभरून उत्तर देणारी मुलगी स्वतः रक्तक्षयाची रुग्ण होती आणि तिला शिकवणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. अनवाणी चालणाऱ्या पायांतून शिरणारे जंत आतड्यात बसून रक्त पितात, म्हणून ऑगस्ट आणि फेब्रुवारीत 10 तारखेला शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी कोणी चुकवायची नाही, हेही आरोग्यसेविकेनं समजावलं.

राहिला तो घरचा भाग. मुलांचे आई-बाप फडावर होते, तेव्हा पालकसभेला बोलावलं आजी-आजोबांना. सभा खरी तर आज्यांचीच झाली. आरोग्यसेविकेनं काळ्या रंगाची भीती घालवली. चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा, असं सांगितलं. मग अश्विनी उभी राहिली. तिनं तक्ता आणला नव्हता. तिनं एवढंच विचारलं, “तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?”

कोणी म्हणालं, सून. कोणी म्हणालं, नात. कोणी म्हणालं, आम्हीच जेवायचो, हातपाय चालत होते तोवर.

“आणि शेवटी काय उरायचं?”

मग एकेक जण बोलू लागली. कोरड्यासाचं भांडं पुसून खाल्लेली भाकरी. दिवस गेलेले असताना केलेली सुगी. चक्कर येऊन विहिरीच्या पायरीवर बसल्याचा दिवस. ही सगळी दुखणी त्यांना नशिबाची वाटत आली होती. दुर्गाची आजी बराच वेळ गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “माझ्या सासूनं मला शिकवलं, म्या सुनंला शिकवलं, सुनंनं पोरीला शिकवलं. हे शिकवनं आता माझ्यापासनं बंद. उद्यापासनं तव्यावरची पहिली भाकरी पोरीची. ती खाईल, मग दुसरी उतरंल.”

सगळ्याच घरांत हे झालं असं नाही. काही आज्यांनी नुसती मान डोलावली. पण पुढच्या आठवड्यात मुलींनी पुन्हा ‘माझी सकाळ’ लिहिली, तेव्हा निम्म्याहून जास्त वह्यांत भाकरीचा उल्लेख होता. एका वहीत भाकरी आणि गूळ, एका वहीत भाकरी आणि कारळाची चटणी, एका वहीत ‘अर्धीच, पण बसून खाल्ली’.

जानेवारीत संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी आली. अश्विनीनं त्या दिवसासाठी आहाराचा पाठ राखून ठेवला होता, पण या वेळी साहित्य तिनं आणलं नाही. मुलांना तिनं सांगितलं, की आपल्या शिवारात सध्या खाण्याजोगं जे जे उगवतंय ते थोडं थोडं घेऊन या. मुलांनी ओला हरभरा आणला, करडई आणली, मेथी, तांदूळजा, पाथरी, घोळ, शेवग्याचा पाला, वालाच्या शेंगा, गाजरं, वांगी आणि पोरांच्या आवडीची बोरं आणली. यांतल्या काही भाज्या अश्विनीनं उभ्या आयुष्यात ओळखलेल्या नव्हत्या. पाथरी कुठल्या पिकात उगवते, घोळ कशी निवडायची, शेवग्याचा पाला कडू लागू नये म्हणून काय करायचं, हे तिला दुर्गानं आणि तिच्या मैत्रिणींनी शिकवलं. मग अश्विनीनं प्रत्येक नावापुढे फळ्यावर लिहिलं, यात लोह, यात अ जीवनसत्त्व, यात कॅल्शियम. मावशींनी त्या सगळ्यांची भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या. दूध-अंड्यांच्या तक्त्याकडे पाहताना ज्या मुलांना आपल्या घरात काही नाही असं वाटलं होतं, त्या मुलांना आपल्या बांधावर किती आहे, हे त्या दिवशी दिसलं. आणि अंड्याचीही आठवण कोणी काढली, तेव्हा गुरुजी म्हणाले, “ते तिसऱ्या रकान्यात लिहा. मिळायला हवं, आणि ते मिळावं म्हणून आपण मोठ्यांनी बोलायला हवं.”

आंतरवासिता संपली. अध्यापक विद्यालयात सगळे छात्राध्यापक आपापले अनुभव घेऊन परतले. सभागृहात तक्ते लागले, प्रतिकृती मांडल्या गेल्या. अश्विनीची पाळी आली, तेव्हा तिनं टेबलावर दोनच गोष्टी ठेवल्या. पहिल्या पाठाचं उत्तम शेऱ्याचं टाचण आणि तीन रकान्यांचा चुरगळलेला कागद. भिंतीत सापडलेल्या गोळ्यांपासून तिनं सगळं सांगितलं.

एका मित्रानं शंका काढली, “हे ऐकायला चांगलं आहे. पण अभ्यासक्रम संपवायचा की घरोघरी चौकशा करत बसायच्या?”

“सकाळ लिहून घ्यायला एक तासिका लागली,” अश्विनी म्हणाली. “माझ्या पहिल्या पाठाचे तक्ते रंगवायला आठवडा लागला होता.”

दुसरीनं विचारलं, “ऊसतोड तर थांबली नाही ना? दुर्गाला पाचलाच उठावं लागतं. मग बदललं काय?”

अश्विनीनं हे प्रश्न स्वतःला अनेकदा विचारले होते. ती म्हणाली, “ऊसतोड माझ्या पाठानं थांबणार नाही. दुर्गाला पाणी आणावंच लागतं आणि ते मला अजून खुपतं. पण आधी मी तिला सांगत होते, की नीट खाल्लं नाही की रक्त कमी होतं. ऐकून तिला वाटायचं, चूक आपलीच. आता तिला कळलंय की यातलं आपल्या हातचं किती, शाळेच्या हातचं किती आणि सरकारच्या हातचं किती. आपल्या हातचं ती करते. उरलेलं मागायला ती आता लाजत नाही.”

प्राचार्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, “12 फेब्रुवारी 2020 ला केंद्र सरकारनं आयुष्मान भारतच्या अंतर्गत शालेय आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. शिकवायचे विषय 11. आहार, स्वच्छता, मनाचं आरोग्य, व्यसनांपासून बचाव, असे. उद्या तुमच्यापैकी अनेकांवर ही जबाबदारी येईल. पुस्तिका तुम्हाला मिळतील, चांगल्या मिळतील. पण कुठल्याही पुस्तिकेत तुमच्या वर्गातल्या मुलाची सकाळ छापलेली नसेल. ती तुम्हालाच वाचावी लागेल. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ-माखू घातलं, नखं काढली, आणि मग गाणी-गोष्टी शिकवल्या. तुम्ही अस्वच्छ का राहता, असं विचारत त्या शाळेत बसून राहिल्या नाहीत.”

त्या वर्षापासून त्या विद्यालयातल्या आरोग्याच्या पाठटाचणात बदल झाला. उद्दिष्टांच्या आधी एक नवा रकाना आला. ‘मी जे सांगणार आहे ते या वर्गातल्या मुलांना घरी करता येतं का? येत नसेल तर आडवं काय येतं? ते दूर करायला शाळा काय करील?’ हा रकाना कोरा असेल, तर पुढचं टाचण तपासायचं नाही असं ठरलं. आणि मूल्यमापनात ‘मुलांनी उत्तर बरोबर दिलं का’ याच्या जोडीला ‘पंधरा दिवसांनी मुलाच्या दिवसात काय बदललं’ हाही प्रश्न आला. निरीक्षक बाईंनी स्वतः होऊन तो घालायला लावला.

मार्चच्या सुरुवातीला गुरुजींचा निरोप आला. दुर्गाचं हिमोग्लोबिन साडेअकराच्या जवळ पोचलं होतं. अजून गोळ्या सुरू होत्या. ती आता पाचवीच्या मुलींना ‘माझी सकाळ’ लिहायला शिकवत होती.

तात्पर्य असं की, ज्याला आरोग्य शिकवायचं आहे त्यानं आधी मुलाचं जगणं विचारून घ्यावं. जे मुलाला करता येत नाही तेच त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहणं म्हणजे त्याच्यावर दोष ठेवणं. आणि दोष ठेवला की मूल बरोबर उत्तर द्यायला शिकतं, बरं व्हायला शिकत नाही. शिक्षक घडवणाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना शरीरशास्त्र जरूर शिकवावं, तक्ते काढायला शिकवावेत. पण त्याआधी न रागावता विचारायला, शेजारी बसून ऐकायला आणि मुलाच्या वाटेत आलेला अडथळा हातानं बाजूला करायला शिकवावं. असा शिक्षक एका गावाला मिळाला, तर त्याच्या हाताखालून जाणारं प्रत्येक मूल आपल्या घरचा आरोग्यशिक्षक होऊन बाहेर पडेल.